मासा जगतो का, हे आपणही विचारायला हवं

२०० लिटरचा निळा ड्रम आपल्या मोहल्ल्यांत जवळपास प्रत्येक घरी असतो. उन्हाळ्यात नळाचे वांधे झाले की तोच कामाला येतो. लग्नाच्या मांडवात तोच, बांधकामावर तोच, काही ठिकाणी वजूच्या पाण्यासाठीही तोच. यातले बरेचसे ड्रम भंगारातून आलेले असतात आणि भंगारात ते कुठल्या तरी कारखान्यातून. विकण्याआधी लेबल खरवडून काढलेलं असतं. कधी ते अर्धंच निघतं आणि लाल चौकटीतलं एक चित्र शिल्लक राहतं : पानं झडलेलं झाड आणि त्याच्याजवळ मरून पडलेला मासा.

हे चित्र कुणा कंपनीने हौसेने छापलेलं नाही. रसायनांच्या धोक्यांसाठी जगभर एकच भाषा असावी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. त्या पद्धतीत या चित्राचा अर्थ ठरलेला आहे : हे रसायन पाण्यात गेलं तर पाण्यातले जीव मरतात. भारतात ही पद्धत अजून सक्तीची झालेली नाही, तरी आयात मालावर आणि मोठ्या कंपन्यांच्या मालावर ती दिसते. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार अशा मालासोबत सुरक्षा माहितीपत्रक ठेवावंच लागतं. कारखान्यात त्याला एमएसडीएस म्हणतात. त्यात पर्यावरणाचा एक विभाग असतो. तिथे मासा, पाणपिसू आणि शेवाळ यांच्यासमोर आकडे लिहिलेले असतात.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. काही वर्षं पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम केलं आहे. नमुन्यांच्या बाटल्या येत, सोबत कागद येई : सामू तपासा, सीओडी तपासा, तेल-ग्रीस तपासा. या पाण्यात मासा जगतो का ते बघा, असा कागद मात्र क्वचितच यायचा. हा प्रश्न कायद्यात आहे, पत्रकात आहे, ड्रमवरच्या चित्रात आहे. तो विचारणारी माणसं तेवढी नाहीत. भद्रावतीसारख्या गावात तो मोठ्याने विचारला गेला पाहिजे आणि विचारणाऱ्यांत आपणही असलो पाहिजे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

तीन जीव आणि ९६ तास

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. एखादं रसायन जलचरांना किती घातक आहे हे ठरवायला तीन प्रकारचे जीव घेतात. शेवाळ, कारण पाण्यातलं अन्न तिथून सुरू होतं. पाणपिसू, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव, जो शेवाळ खातो. आणि मासा, जो पाणपिसू खातो. शेवाळाला साधारण ७२ तास, पाणपिसूला ४८ तास आणि माशाला ९६ तास त्या रसायनाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या पाण्यात ठेवतात. ज्या प्रमाणात ९६ तासांत निम्मे मासे मरतात, तो त्या रसायनाचा आकडा. लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणात हे घडलं तर रसायन सर्वांत घातक वर्गात जातं. १ ते १० मध्ये घडलं तर दुसऱ्या, १० ते १०० मध्ये घडलं तर तिसऱ्या.

मग दोन प्रश्न आणखी विचारतात. हे रसायन पाण्यात लवकर विघटित होतं की टिकून राहतं? आणि ते जीवांच्या चरबीत साठत जातं का? टिकणारं आणि साठणारं रसायन आज मासा मारत नसेल, तरी काही वर्षांनी माशाची अंडी, पिल्लं आणि मासे खाणारे पक्षी यांच्यापर्यंत पोचतं.

हाताशी फक्त या तीन लहान चाचण्या असतील, तर शास्त्रज्ञ सर्वांत कमी आलेल्या आकड्याला १००० ने भागतात आणि त्या पातळीला नदीसाठी सुरक्षित मानतात. हजार ही संख्या ऐकायला अति वाटते. पण प्रयोगशाळेतला मासा निरोगी असतो, त्याला वेळेवर स्वच्छ पाणी मिळतं आणि त्याच्यावर एकाच रसायनाचा मारा असतो. नदीतल्या माशाच्या नशिबात दहा रसायनं, गाळ, कमी ऑक्सिजन आणि मे महिन्याचं ऊन हे सगळं एकदम येतं.

आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. भद्रावतीत संरक्षण खात्याचा दारूगोळा कारखाना आहे. आपण सगळे त्याला ऑर्डनन्स म्हणतो. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. दारूगोळा भरण्याच्या उद्योगात जगभर टीएनटी वापरतात. टीएनटी पाण्यात फारसं विरघळत नाही, लिटरला साधारण १०० मिलिग्रॅम. तेवढं विरघळलेलं धुण्याचं पाणी उन्हात गुलाबी होतं, म्हणून या उद्योगात त्याला गुलाबी पाणीच म्हणतात. माशांसाठी टीएनटीचा ९६ तासांचा आकडा लिटरला २ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे ते गुलाबी पाणी तीस पट पातळ केलं तरी निम्मे मासे मरू शकतात. युरोपच्या यादीत टीएनटीवर मेलेल्या माशाचं चित्र आहे.

म्हणून भद्रावतीच्या कारखान्यातून असं पाणी बाहेर येतं, असं मी म्हणत नाही. असं पाणी कोळशाच्या पावडरीतून गाळून शुद्ध करण्याची पद्धत जुनी आणि माहितीतली आहे. मुद्दा धोका आणि जोखीम यांतल्या फरकाचा आहे. आपल्या जिल्ह्यात हा फरक पटकन समजेल. ताडोबात वाघ आहे हा धोका. सरपणासाठी पहाटे त्याच्या वाटेवर जाणं ही जोखीम. ड्रमवरचं चित्र धोका सांगतं. जोखीम किती, हे फक्त नाल्याचं पाणी तपासून कळतं.

गोणीवर मासा नाही, तरीही

आता याच्या उलट उदाहरण, आणि भद्रावतीसाठी ते जास्त महत्त्वाचं आहे. तालुक्यात माजरीपासून सगळीकडे कोळशाच्या खाणी आहेत. खुल्या खाणीत कोळशावरचा खडक फोडायला रोज ब्लास्टिंग होतं. त्याची हादरे बसलेली घरं आपण पाहिली आहेत. या स्फोटकांतला मुख्य घटक असतो अमोनियम नायट्रेट. डिझेलसोबत मिसळून वापरतात तेव्हा त्याचं प्रमाण ९४ टक्के असतं. स्लरी आणि इमल्शन प्रकारच्या स्फोटकांतही तोच मुख्य असतो.

अमोनियम नायट्रेटच्या गोणीवर आगीच्या धोक्याचं चित्र असतं, मेलेल्या माशाचं नसतं. कारण थेट चाचणीत ते माशाला फार विषारी ठरत नाही. पण ते पाण्यात अफाट विरघळतं, एका लिटरमध्ये दीड किलोपेक्षाही जास्त. ब्लास्टिंगमध्ये सगळंच स्फोटक जळत नाही. थोडं सांडतं, थोडं न फुटता खडकात राहतं. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी ते धुऊन खाणीच्या तळाशी नेतं. खाण कोरडी ठेवण्यासाठी ते पाणी पंपाने बाहेर काढतात. पुढे नाला, नाल्यापुढे वर्धा नदी. वर्धेत इरई मिळते, पुढे गडचिरोलीच्या हद्दीत वैनगंगा येऊन भेटते आणि प्राणहिता होते. भद्रावतीच्या नाल्यातलं पाणी शेवटी सिरोंच्याच्या मच्छीमारापर्यंत जातं.

पाण्यात विरघळल्यावर या रसायनाचे दोन भाग होतात, नायट्रेट आणि अमोनियम. नायट्रेट वाढलं की शेवाळ माजतं, आणि विहिरीत उतरलं तर तान्ह्या बाळांसाठी घातक ठरतं. म्हणून पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अमोनियमची गोष्ट वेगळी आहे. ते जोवर अमोनियम आहे तोवर माशाला त्याचा त्रास कमी. पण त्यातला काही भाग नेहमी मुक्त अमोनिया बनतो आणि तो माशाच्या कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. मासा स्वतःच्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. बाहेरच्या पाण्यात तो वाढला की आतला बाहेर पडत नाही. मासा गोल गोल फिरतो, झटके देतो आणि मरतो.

किती भाग मुक्त होईल हे दोन गोष्टींवर ठरतं : पाण्याचा सामू आणि तापमान. सामू ७ आणि पाणी २० अंशांवर असेल तर शंभरात अर्ध्या भागाहूनही कमी. सामू ८ असेल तर त्याच तापमानाला जवळपास ४ भाग. सामू ८ आणि पाणी ३५ अंशांवर असेल तर १० भाग. म्हणजे गोणी तीच, पंप तोच, अमोनियम तेवढंच, पण जानेवारीत जगलेला मासा मे महिन्यात मरू शकतो. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात ही बारीकसारीक बाब नाही.

यात अजून एक गोम आहे. साचलेल्या पाण्यात शेवाळ असेल तर दिवसभर ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारपर्यंत सामू ९ पर्यंत चढू शकतो. सामू ९ आणि ३० अंशांला जवळपास ४५ टक्के अमोनिया मुक्त असतो. सकाळी आठ वाजता घेतलेला नमुना निर्दोष दिसतो आणि दुपारी तीन वाजता त्याच बोडीत मासे तरंगतात. नमुना कधी घेतला हे अहवालात शोधायला शिका. तेवढ्यानेही बरंच कळतं.

कायद्याच्या एकाच यादीतल्या दोन ओळी

भोपाळनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या नियमांत कारखान्याचं सांडपाणी नदी-नाल्यात सोडण्यासाठी मर्यादांची एक सर्वसाधारण यादी आहे. तिच्यातली एक ओळ म्हणते, मुक्त अमोनिया लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल. त्याच यादीतली दुसरी ओळ म्हणते, पातळ न केलेल्या सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवा, ९० टक्के मासे जगले पाहिजेत.

या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांवर झालेल्या चाचण्यांत निम्मे मासे मरण्याची पातळी ५ मिलिग्रॅमच्या खालीच आली आहे, काहींची तर १ च्याही खाली. म्हणजे पहिल्या ओळीत काठावर पास झालेलं पाणी दुसऱ्या ओळीत नापास होईल. आकडा पाहून समाधान मानलं तर मासा मेलेला असू शकतो. म्हणूनच माशाची चाचणी यादीत ठेवलेली आहे. एकेका रसायनाचा आकडा जे सांगू शकत नाही, ते सगळ्या रसायनांचं मिश्रण अंगावर घेतलेला मासा सांगतो.

नदीच्या पाण्याचंही असंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वर्ग पाडले आहेत. त्यात मासे आणि वन्यजीव यांच्यासाठीचा वर्ग ‘ड’. त्याच्या अटी : विरघळलेला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५, मुक्त अमोनिया १.२ पर्यंत. युरोपने १९७८ मध्ये माशांच्या गोड्या पाण्यासाठी जो नियम केला, त्यात मुक्त अमोनियाची मर्यादा ०.०२५ होती. आपली मर्यादा त्याच्या जवळपास पन्नास पट सैल आहे. आपले रोहू-कटला युरोपच्या ट्राउटपेक्षा दणकट आहेत हे मान्य. पन्नास पट दणकट आहेत का, हे विचारायचा हक्क ते पकडणाऱ्याला आणि खाणाऱ्याला आहे.

माशाला मोजपट्टी करून काय साधतं, याचं उदाहरण ऱ्हाइन नदीचं आहे. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवताना वापरलेलं पाणी टनावारी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइनमध्ये गेलं. नदी लाल झाली. शेकडो किलोमीटरपर्यंत बाम माशांसारखे इल मासे लाखाहून अधिक संख्येने मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला आणि त्याचं लक्ष्य शाळकरी मुलालाही कळेल असं ठेवलं : २००० सालापर्यंत ऱ्हाइनमध्ये सामन मासा परत आला पाहिजे. तो परतला. गाळणी केंद्रं, कारखान्यांची तपासणी, इशारा देणारी यंत्रणा हे सगळं त्या एका माशाच्या नावाने उभं राहिलं.

चंद्रपूरला अशी मोजपट्टी मिळालेली नाही. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथं आलं. हे गुण आपण बातम्यांत वाचले, धुरावर आणि राखेवर बोललो. पाण्यातल्या जिवांवर फार कमी बोललो. ताडोबाच्या वाघासाठी माणसं रस्त्यावर येतात, कोर्टात जातात, आणि ते योग्यच आहे. वर्धेतल्या मरळ माशाची बाजू घेणारा ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेतला एखादा म्हातारा असतो. त्याने सांगितलेलं कुणी लिहून घेत नाही.

आपण गप्प का?

आता थोडं आपल्याविषयी. आपल्या तरुणांच्या बैठका होतात. विषय असतात कब्रस्तानची भिंत, शिष्यवृत्तीचे अर्ज, भरतीचे क्लास, कुणाच्या अटकेविरुद्ध निवेदन. हे विषय खरे आहेत. पण जनसुनावणीच्या मांडवात आपली माणसं दिसत नाहीत. पर्यावरण हा वेगळ्या लोकांचा विषय, असं आपण धरून बसलो आहोत. प्रत्यक्षात आपल्याएवढा याच्याशी जोडलेला समाज शोधावा लागेल. भंगार आपल्याकडे, गॅरेज आपल्याकडे, ट्रकवर आपली मुलं, खाणीच्या ठेकेदाराकडे आपली मुलं, आणि नाल्याकाठची स्वस्त घरंही पुष्कळदा आपलीच.

भंगाराचं स्पष्ट बोलू. रसायन लागलेला रिकामा ड्रम २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. तो परवानगी असलेल्या केंद्राकडेच जायला हवा. कारखाना तो स्वस्तात बाहेर काढतो आणि आपला भंगारवाला नाल्यावर नेऊन धुतो. हात आपल्या पोराचे पोळतात, मासे खालच्या गावाचे मरतात. दोष पहिला कारखान्याचा, कारण कागदाची जबाबदारी त्याची. पण धुणारा हात आपला आहे आणि ते थांबवणं कुणाच्या परवानगीवाचून आपल्याला जमण्यासारखं आहे.

दुसरं कारण भीतीचं आहे, आणि ते कुजबुजत बोललं जातं म्हणून इथे लिहितो. अमोनियम नायट्रेट हे नाव वर्तमानपत्रात बहुतेक वेळा बॉम्बस्फोटाच्या बातमीत येतं. २०२० मध्ये बैरुतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला तेव्हा ते नाव घराघरांत पोचलं. एखादा मुसलमान मुलगा या रसायनाविषयी माहिती शोधतो, ऑर्डनन्सच्या नाल्याविषयी अर्ज करतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘तुला काय करायचंय? नाव बघून उचलतील.’ ही भीती हवेतून आलेली नाही, तिची थट्टा करू नये.

पण या भीतीवर उपाय आहेत. पहिला, प्रश्न नेमका ठेवायचा. कारखान्यात काय बनतं, किती बनतं, कुठे ठेवतात हे आपल्याला कळायची गरज नाही आणि आपण विचारायचंही नाही. कुंपणाबाहेर नाल्यात आलेलं पाणी मात्र गुपित असू शकत नाही. ते म्हशी पितात. दुसरा, एकट्याने विचारायचं नाही. ढिवर बांधवांची मच्छीमार संस्था, नाल्याकाठचा शेतकरी, कॉलेजातले प्राध्यापक, ग्रामसभा यांच्यासोबत सही करायची. त्याने भीती कमी होते, आणि हा प्रश्न एका समाजाचा नाही हेही कागदावर येतं. तिसरा, प्रत्येक गोष्ट लेखी आणि पोच घेऊन करायची.

रोजगाराचं काय?

हा प्रश्न कुणीतरी विचारेलच, आणि विचारावाच. भद्रावतीचा बाजार खाणीच्या आणि ऑर्डनन्सच्या पगारावर चालतो. नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी शेतकऱ्यांची जमीन गेली, प्रकल्प उभा राहिला नाही. जमीनही नाही आणि नोकरीही नाही, हे या तालुक्याने पाहिलं आहे. तेव्हा ‘कारखाने बंद करा’ अशी मागणी इथे कुणी करत नाही, मीही करत नाही. माशाची चाचणी केल्याने एकही नोकरी जात नाही. काही दिवसांचं काम आहे. पाणी नापास झालं तर शुद्धीकरणाचा टप्पा वाढवावा लागतो, आणि तो चालवायलाही माणसं लागतात. नोकरी मात्र फक्त पगारदाराचीच मोजायची, हे चालणार नाही. जाळं टाकणाऱ्याचीही ती नोकरीच आहे, आणि तिला पेन्शन नाही.

आज हा प्रश्न निकडीचा आहे, कारण कोळशापासून वायू तयार करण्याच्या मोठ्या प्रकल्पासाठी राज्य सरकारने भद्रावतीचं नाव पुढे केलं आहे. कोळशाचा वायू करताना निघणाऱ्या सांडपाण्यात साधारणपणे फिनॉल, अमोनिया आणि सायनाइडची संयुगं असतात. शुद्ध करण्याची तंत्रं आहेत, पण ती किती चालवली जातात हे बाहेरून तपासावं लागतं. प्रकल्प उभा राहिल्यावर पन्नास मोर्चे काढण्यापेक्षा आधीच्या सुनावणीत विचारलेला एक नेमका प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

करण्यासारखं

जलप्रदूषण कायदा १९७४ चा आहे. त्याच्या कलम २५ नुसार प्रदूषण मंडळाला संमतीपत्रांची नोंदवही ठेवावी लागते आणि सांडपाण्याचा ज्यांच्याशी संबंध येतो अशा कुणालाही ती पाहता येते. चंद्रपूरच्या कार्यालयात जा, आपल्या नाल्यावरच्या उद्योगाचं संमतीपत्र मागा आणि त्यात माशाच्या चाचणीची अट आहे का ते वाचा. दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात चारच गोष्टी विचारा : मागच्या वर्षभरात माशाची चाचणी कधी झाली, कोणत्या प्रयोगशाळेत झाली, किती मासे जगले, आणि नमुना किती वाजता, कोणत्या ठिकाणी घेतला. खाणीच्या पाण्याबाबत पाचवा प्रश्न जोडा : नायट्रेटसोबत अमोनिया, सामू आणि तापमान एकाच वेळी मोजलं का?

जनसुनावणीची सूचना वर्तमानपत्रात किमान ३० दिवस आधी येते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. त्या ३० दिवसांत तो वाचून काढा. काही खाणींच्या विस्ताराला सुनावणीतून सूट मिळते. तिथे लेखी हरकत ग्रामसभेच्या ठरावासोबत पाठवा. सुनावणीत बोललेलं इतिवृत्तात जातं, म्हणून लिहून न्या आणि वाचून दाखवा.

ज्यांच्या घरी भंगाराचा धंदा आहे, त्यांनी एक नियम घरातच करावा : लेबल नसलेला ड्रम घ्यायचा नाही, आणि मेलेल्या माशाचं चित्र असलेला ड्रम धुवायचा तर नाहीच, पाण्यासाठी विकायचाही नाही. कारखान्याकडून माहितीपत्रक मागायचं. सुरुवातीला माल कमी मिळेल. चार दुकानांनी मिळून ठरवलं तर कारखान्यालाही पर्याय शोधावा लागेल.

आणि जे विज्ञान शिकताहेत, त्यांच्याकडे एक काम आहे. सामू मोजायच्या पट्ट्या, एक थर्मामीटर आणि ॲक्वॅरियमच्या दुकानात मिळणारं अमोनियाचं किट, एवढ्यावर महिन्यातून दोनदा, सकाळ-दुपार, एकाच ठिकाणच्या नोंदी ठेवता येतात. हा कोर्टातला पुरावा ठरणार नाही, पण अधिकाऱ्याने नमुना कुठे आणि कधी घ्यावा हे त्यावरून सांगता येतं. वर्षभराची वही तयार झाली की ती मच्छीमार संस्थेला दाखवा. मासे कोणत्या महिन्यात, कोणत्या वळणावर दिसेनासे होतात हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या आठवणी आणि आपले आकडे शेजारी मांडले तर कुठल्याही सुनावणीत कामी येईल असा कागद तयार होईल. पावसाळा संपून खाणींचे पंप जोरात चालू होतात, तेव्हापासून सुरुवात करणं उत्तम.